सांधे

पाट सव्वा कोस. दिवस तीन.
चौथ्या सकाळी पांझरेच्या बंधाऱ्याची फळी उचलायची,
हे पंचांनी ठरवूनच टाकलेलं.

मागल्या कार्तिकात सगळं गाव वरच्या तोंडाशीच उतरलं,
एकशे दहा माणसं एका खड्ड्याभोवती,
टिकावाला टिकाव लागायचा,
झिपरूच्या पायाचं बोट गेलं,
आणि शेवटच्या फडापर्यंत गाळ निघायला पौष उजाडला.
गहू उशिरा उगवला,
भांडणं मात्र वेळेवर.

या खेपेला हिलालआप्पा पाटकरी
बाभळीच्या सोळा खुंट्या आणि चुन्याची पिशवी घेऊन
एकटाच पाट चालत निघाला.
मागे मी, वही धरून.
वय बारा, अक्षर बरं. माझी पात्रता एवढीच.

तो खुंटी ठोकायचा, मग नुसता उभा राहायचा.
इथे लव्हाळा. इथे भुसभुशीत वाळू.
इथे खडक, आणि इथे पिंपळाची मुळी
भिंतीत शिरून बसलेली, घरजावयासारखी.
म्हणून तुकडे सारखे नव्हते,
खडकाचा वीस हात, वाळूचा दोनशे.
"लांबी नको मोजू," आप्पा म्हणाला, "घाम मोज."

लिही:
खडक रायसिंगच्या टोळीला, त्यांच्याकडे घण आहे.
मुळी सुताराच्या दोघा पोरांना.
वाळू बायांना.
"बायांना वाळूच का?" द्वारकाबाईने कमरेवर हात ठेवला.
मला पान फाडावं लागलं.
त्यांनी लव्हाळा मागून घेतला, दीड दिवसात उरकला,
आणि वाळूवाल्यांकडे बघत पान खाल्लं.
भाकरी पोचवणं, तेही लिही, तेही काम आहे.

मग पंधरा ठिकाणी एकदम टिकाव पडू लागले,
जणू पंधरा उखळांत एकाच वेळी कांडण.
कुणी कुणासाठी खोळंबलं नाही.
रायसिंगचा घण अडला, लव्हाळा निघत राहिला.
मुळी तुटेना, वाळू चालूच.
कळण्याची भाकरी खालपर्यंत गरम पोचली,
असं निदान वरचे म्हणत होते.

तिसऱ्या दुपारी पंधराही टोळ्या म्हणाल्या, झालं.
मी पंधरा खुणा केल्या, लाल शाईने.
आप्पाने वही बघितली, मिटली.
"तुकडा झाया. पाट कोठे झाया?"

रात्री आम्ही दोघंच.
बॅटरी, आणि गवंड्याकडून आणलेली पाण्याची नळी,
एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.
सातव्या खुंटीशी नळीतलं पाणी माझ्याकडे चढून थांबलं.
वरच्यांनी जोशात जास्त खणलं होतं,
खालच्यांनी नेमकं सांगितलं तेवढंच.
दोघांचंही काम चोख,
आणि दोघांच्या मधे हातभर पायरी.
पाणी इथे येऊन बसलं असतं
रुसलेल्या पाहुण्यासारखं.

"आता हे कुणाचं?" मी विचारलं.
पंधरा तुकड्यांना चौदा सांधे असतात,
आणि वहीत एकाही सांध्यासमोर नाव नव्हतं.
आप्पा पावडं घेऊन पाटात उतरला.
"जो वाटनी करस, त्यानं."

चौदापैकी नऊ सरळ निघाले.
पाच त्याने उतारावर आणले, बसून, गुडघ्यावर,
शेवटी हाताच्या पंजाने.
मी बॅटरी धरली. थंडीने हात हलला
की तो ओरडायचा.

सकाळी फळी उचलली.
पाणी काटक्या, फेस, कुणाची तरी चप्पल घेऊन आलं,
सातव्या खुंटीशी जरा रेंगाळलं,
आप्पाने विडी विझवली,
मग पाणी गेलं.

खालून कुणीतरी हाळी दिली, "उनं रे, उनं!"
तिकडे सगळे धावले.
आप्पा वरच, खुंट्या उपटत.
"राहू दे की, पुढच्या साली लागतील," मी म्हटलं.
त्याने चिखल झटकून मोळी बांधली.
पुढच्या साली पाट हाच असेल, म्हणाला,
गाळ दुसरीकडे बसेल.